मुलांची फुफ्फुसं घडण्याचा काळ: गरोदरपण ते पहिली पाच वर्षं, पालकांना नेमकं काय सांगावं?

पालकवर्ग

नमस्कार मंडळी. होऊ घातलेल्या आणि नव्या आईबाबांच्या वर्गासाठी फुफ्फुसांवर दीड तासाचं सत्र तयार करते आहे. पन्नाशीत होणाऱ्या फुफ्फुसांच्या आजाराची मुळं बालपणात असतात, असं हल्ली सारखं वाचायला मिळतं. पण त्यापुढे सल्ला म्हणून येतं ते "काळजी घ्या, धुळीपासून जपा" एवढंच. त्याने वर्गातल्या कोणाचंच भागत नाही. म्हणून जाणकारांना विचारते:

बालपण आणि म्हातारपणीची फुफ्फुसं यांचा संबंध नेमका कसा जोडलेला आहे आणि तो किती ठाम आहे? ज्या गोष्टी आईबाबांच्या हातात आहेत त्यांत आधी कोणती, मग कोणती? अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पालकांना वेगळं काय सांगायचं? आणि "छातीतली घरघर मोठं झाल्यावर जाते" हे वाक्य वर्गात म्हणावं की नाही?

आकडे, मात्रा, पायऱ्या द्याल तर फार बरं होईल. घाबरवणारं सत्र नको आहे, पण गुळमुळीतही नको.

---

वायुकोश

आधी रचना समजावून सांगा. प्राधान्यक्रम त्यातूनच आपोआप निघतो.

श्वासनलिकांचं झाड गर्भातच पूर्ण होतं. साधारण सतराव्या आठवड्यापर्यंत सगळ्या फांद्या फुटून झालेल्या असतात. पुढे आयुष्यभर त्या नळ्या लांब आणि रुंद होतात, पण नवी फांदी फुटत नाही. वायुकोशांचं मात्र उलट आहे. त्यांची खरी घडण गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत सुरू होते आणि बहुतांश काम जन्मानंतर होतं. दिवस भरून जन्मलेल्या बाळात काही कोटी वायुकोश असतात, प्रौढ माणसात सरासरी ४८ कोटींच्या आसपास. पहिल्या दोन-तीन वर्षांत भर सर्वांत वेगाने पडते. हेलियम वायू हुंगवून केलेल्या एमआरआय तपासण्यांवरून दिसतं, की ती मंद गतीने किशोरवयापर्यंत चालू राहते.

म्हणजे गर्भातल्या इजेचा फटका मुख्यतः नळ्यांना बसतो आणि जन्माच्या आगेमागे झालेल्या इजेचा वायुकोशांना. नळी थोडी जरी अरुंद असली तरी फरक मोठा पडतो, कारण हवेला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. त्रिज्या १० टक्क्यांनी कमी झाली की अडथळा जवळजवळ ५० टक्क्यांनी वाढतो, आणि ती निम्मी झाली तर सोळापट. तान्ह्या बाळाच्या नळ्या मुळातच बारीक असतात. म्हणून जो सर्दीचा विषाणू मोठ्यांना नुसतं शिंकायला लावतो, तोच बाळाला धाप लावतो.

आता पन्नाशीशी संबंध. जोरात फुंकताना पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते त्या मापाला एफईव्ही-१ म्हणतात. हे माप वाढत वाढत २० ते २५ व्या वर्षी शिखर गाठतं, काही वर्षं तिथेच राहतं आणि मग धूम्रपान न करणाऱ्यातही वर्षाला २० ते ३० मिलिलिटरने उतरत जातं. वर्गात फळ्यावर हे गणित मांडा: एकाचं शिखर ४ लिटर, दुसऱ्याचं ३.२ लिटर. दोघांचीही उतरण ३५ व्या वर्षी सुरू झाली आणि दोघंही वर्षाला २५ मिलिलिटर गमावतात, असं धरा. ६५ व्या वर्षी पहिल्याकडे ३.२५ लिटर उरतात, दुसऱ्याकडे २.४५. पहिल्याला २.४५ वर यायला ९७ वं वर्ष उजाडावं लागेल. उतरणीचा वेग दोघांचा सारखाच आहे, फक्त दुसऱ्याने सुरुवात खालच्या पायरीवरून केली. पालकांना दुसरं काही आठवलं नाही तरी हे चित्र आठवतं.

हे नुसतं कागदी गणित नाही. २०१५ मध्ये तीन मोठ्या गटांची एकत्र पाहणी प्रसिद्ध झाली. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लावणारा आजार) झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांचं एफईव्ही-१ चाळिशीच्या आधीच अपेक्षित मापाच्या ८० टक्क्यांखाली होतं आणि त्यांची उतरण वर्षाला सरासरी २७ मिलिलिटर, म्हणजे सामान्यच होती. उरलेल्या निम्म्यांचं शिखर चांगलं होतं, पण ते वर्षाला ५३ मिलिलिटरने घसरले. अमेरिकेत टूसॉनला १९८० पासून १,२४६ नवजात बाळांचा पाठपुरावा सुरू झाला. त्यात दोन-तीन महिन्यांच्या वयात ज्यांच्या श्वासाचा प्रवाह सर्वांत खालच्या चौथाईत होता, ती मुलं २२ व्या वर्षीही इतरांच्या मागेच होती.

---

आकडेमोड

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण वर्गात सांगताना एक सावधगिरी बाळगा. "निम्मा सीओपीडी बालपणात सुरू होतो" असं वाक्य त्या २०१५ च्या पाहणीवरून बनवू नका. तिथे माप चाळिशीच्या आधीचं होतं, बालपणाचं नव्हे. विशीतल्या धूम्रपानानेही शिखर खुजं राहतं.

दुसरा मुद्दा जंतुसंसर्गाचा. ब्रिटनमध्ये १९४६ साली जन्मलेल्यांचा गट आजवर पाहिला जातो आहे. त्यात दोन वर्षांच्या आत छातीचा संसर्ग झालेल्यांमध्ये पुढे २६ ते ७३ या वयात श्वसनाच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट दिसला, आणि तोही धूम्रपान, घरची परिस्थिती, जन्मवजन यांचा हिशेब करून. "दुप्पट" ऐकून आईबाप हादरतात. म्हणून त्याच दमात मूळ प्रमाणही सांगा: शंभरात एकाच्या जागी दोघं. शिवाय ती मुलं आजच्या बहुतेक लसी नसलेल्या काळात वाढली.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. संसर्गामुळे फुफ्फुस कमकुवत झालं, की आधीच बारीक नळ्या असलेल्या बाळालाच संसर्ग जोरात झाला? दोन्ही घडतं, आणि कोणाचा वाटा किती हे वेगळं काढणं अवघड असतं. नेदरलँड्समध्ये ३३ ते ३५ आठवड्यांच्या बाळांना आरएसव्ही या तान्ह्यांच्या छातीत संसर्ग करणाऱ्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं टोचून पाहिली. पहिल्या वर्षातले घरघरीचे दिवस स्पष्ट कमी झाले, पण सहाव्या वर्षी फुंकून घेतलेल्या मापात दोन गटांत फरक नव्हता. याचा अर्थ संसर्ग टाळू नका असा मुळीच नाही. तान्ह्या बाळाचा इस्पितळातला मुक्काम टळणं हेच पुरेसं कारण आहे. फक्त "ही सुई घेतली की पन्नाशीतला आजार टळला" असं वचन देऊ नका.

---

धूरमुक्त_घर

प्राधान्यक्रम विचारलात, तर पहिल्या क्रमांकावर धूर आणि दुसऱ्या क्रमांकावरही धूरच.

गरोदरपणातलं धूम्रपान सर्वांत वर ठेवा. निकोटिन वारेतून (प्लॅसेंटातून) थेट गर्भात जातं आणि बनत असलेल्या नळ्या लांबट व अरुंद घडवतं. इजा निकोटिनची आहे, त्यामुळे "सिगारेट सोडली, आता वाफेची नळी (ई-सिगारेट) ओढते" हा पर्याय बाळाच्या दृष्टीने सुरक्षित ठरत नाही. हा मुद्दा वर्गात आवर्जून घ्या, कारण इथेच लोकांची फसगत होते. सोडणं पहिल्या तिमाहीत झालं तर उत्तमच, पण सातव्या महिन्यात सोडलं तरी उपयोग आहे. जन्मवजन आणि वेळेआधी प्रसूतीचा धोका, दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. प्रयत्न करूनही ज्यांना सुटलं नाही अशा गरोदर स्त्रियांना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व देऊन अमेरिकेत चाचणी झाली. बाळांची फुफ्फुसं जन्मानंतर अधिक चांगली भरली आणि पाचव्या वर्षीही प्रवाह चांगला होता. हे डॉक्टरांशी बोलून करायचं. गोळी घेतली म्हणून ओढायला मोकळीक मिळत नाही.

जन्मानंतर "मी गॅलरीत ओढतो" हे उत्तर हमखास येतं. उघड्या दारातून आणि फटीतून कण आत येतात, शिवाय कपड्यांना, केसांना, गादीला चिकटलेला अंश तासन् तास सुटत राहतो. बाहेर ओढून आलेल्याने वरचा कपडा बदलून, हात-तोंड धुऊन मगच बाळाला घ्यावं. याने संपर्क कमी होतो, शून्य होत नाही, हेही स्पष्ट सांगा. गाडीत खिडकी उघडी ठेवूनसुद्धा नाही. झोपताना बाळ ओढणाऱ्याच्या शेजारी एकाच अंथरुणात नको. त्याने अचानक मृत्यूचा धोकाही वाढतो.

लाकूड, कोळसा, शेण असं घन इंधन जळत असेल तर चुलीवरून गॅसवर किंवा विजेवर जाणं हा एकच बदल बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. ते लगेच शक्य नसेल तर चूल झोपायच्या खोलीपासून वेगळी, धुराडं छपराच्या वर काढलेलं, इंधन पूर्ण वाळलेलं, आणि स्वयंपाक होईपर्यंत बाळ दुसऱ्या कोणाकडे. पाठीवर किंवा कडेवर घेऊन चुलीपाशी बसणं टाळायचं. गॅसवरही नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून हवा बाहेर फेकणारा पंखा ज्योत पेटवण्याआधी लावावा आणि विझवल्यानंतर दहा मिनिटं चालू ठेवावा. तीच हवा गाळून परत खोलीत सोडणाऱ्या चिमणीचा या वायूवर फारसा उपयोग होत नाही. डासांसाठी जाळायची कॉइल बंद खोलीत नको. २००३ मध्ये केलेल्या मोजणीत एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी हा बाळासाठी योग्य मार्ग.

हवा गाळणाऱ्या यंत्राबद्दल कोणीतरी विचारणारच. हिशेब सोपा आहे. खोली ४ × ३ × ३ मीटर म्हणजे ३६ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी असं धरलं, तर १८० घनमीटर प्रति तास स्वच्छ हवा देणारं यंत्र लागतं. पण खोक्यावरचा आकडा सर्वांत जोरातल्या वेगाचा असतो आणि रात्री आवाजामुळे आपण ते हळू चालवतो. म्हणून दीडपट ते दुप्पट क्षमतेचं घ्यावं. गाळणी हेपा प्रतीची, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारी हवी. ओझोन सोडणारं किंवा आयन फवारणारं यंत्र बाळाच्या खोलीत नको, कारण ओझोन स्वतःच नळ्यांना दाह करतो. यंत्र पडद्यामागे किंवा पलंगाखाली कोंबू नका, चारी बाजूंनी फूटभर जागा सोडा, वेळेवर गाळणी बदला. आणि हे कणांसाठी आहे. चुलीचा कार्बन मोनॉक्साइड ते काढत नाही. घरात कोणी ओढत असताना यंत्र लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसण्यासारखं.

बाहेरची हवा एकट्याने बदलता येत नाही हे खरं, पण ती बदलली की मुलांची फुफ्फुसं बदलतात याचा पुरावा आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात वेगवेगळ्या काळातल्या ११ ते १५ वयाच्या मुलांचे तीन गट मोजले. हवा स्वच्छ होत गेली तसं पंधराव्या वर्षी एफईव्ही-१ अपेक्षेच्या ८० टक्क्यांखाली असलेल्या मुलांचं प्रमाण ७.९ वरून ६.३ आणि मग ३.६ टक्क्यांवर आलं. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत आशादायक आकडा हाच.

---

निओकक्ष

अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल लिहिते.

२४ आठवड्यांच्या आसपास फुफ्फुसांत पृष्ठताण कमी करणारा स्निग्ध पदार्थ, म्हणजे सरफॅक्टंट, तयार होऊ लागतो, पण तो पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. तो नसेल तर प्रत्येक श्वासाबरोबर फुफ्फुसाचे कप्पे मिटतात. म्हणून वेळेआधी प्रसूतीची चिन्हं दिसली की आईला बीटामेथासोन १२ मिलिग्रॅमची दोन इंजेक्शनं २४ तासांच्या अंतराने देतात, किंवा डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दर १२ तासांनी चार वेळा. नेहमीचा काळ २४ ते ३४ आठवडे. पूर्ण फायदा पहिल्या मात्रेनंतर एक दिवस ते एक आठवडा या काळात प्रसूती झाली तर मिळतो. पालकांसाठी याचा व्यावहारिक अर्थ: ३४ आठवड्यांच्या आत नियमित कळा, पाणी जाणं किंवा रक्तस्राव झाला, तर "सकाळी बघू" म्हणू नका. ते काही तास बाळाच्या फुफ्फुसांचे असतात. आणि जिथे नवजात अतिदक्षता विभाग आहे अशा ठिकाणीच पोचा.

फार लवकर जन्मलेल्या बाळाला जगवण्यासाठी लागणारा प्राणवायू आणि श्वासयंत्राचा दाब, हेच पुढे इजा करतात. वायुकोशांच्या मध्ये भिंती उभ्या राहायच्या थांबतात आणि लहान, पुष्कळ कप्प्यांऐवजी मोठे, थोडे कप्पे उरतात. याला ब्रोंकोपल्मनरी डिसप्लेझिया म्हणतात. २८ दिवस किंवा जास्त प्राणवायू लागला तर हे निदान करतात आणि ते किती तीव्र आहे हे गर्भवयाच्या (जन्मानंतरचेही आठवडे धरून) ३६ व्या आठवड्याला ठरवतात. अशा लहानग्यांना श्वास थांबण्याच्या त्रासासाठी दिलं जाणारं कॅफिन इथेही उपयोगी पडलं. ती मुलं ११ वर्षांची झाल्यावर त्यांचा उच्छ्वासाचा प्रवाह चांगला आढळला. (हे विभागातलं मोजून द्यायचं औषध आहे, घरी चहा-कॉफी चाटवण्याशी त्याचा संबंध नाही. हे स्पष्ट सांगावंच लागतं.)

३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळांकडे "थोडंच आधी झालं" म्हणून दुर्लक्ष होतं. तीही पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा मागे असतात आणि पहिल्या हिवाळ्यात जास्त वेळा भरती होतात.

घरी गेल्यावर सर्वांत जास्त दिसणारी चूक लसीकरणाची: पालक सुधारित वय (प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेलं) धरून लसी पुढे ढकलतात. वजन, उंची, विकासाचे टप्पे सुधारित वयाने मोजायचे, पण लसी जन्मतारखेनेच द्यायच्या. उशीर होतो तो नेमका ज्या बाळाला डांग्या खोकल्याचा सर्वांत जास्त धोका असतो त्याला. दुसरी चूक म्हणजे डिस्चार्जचा कागद हरवणं. किती आठवड्यांचं, किती वजनाचं, किती दिवस यंत्रावर, किती दिवस प्राणवायूवर, या चार ओळी मुलाच्या फाइलमध्ये कायमच्या हव्यात, तो तिशीत गेला तरी. कारण अशा मुलांचा अडथळा हा नेहमीचा दमा नसतो. नळीचीच घडण वेगळी असते आणि दम्याच्या औषधाने तो काही मुलांत थोडाच हलतो. इतिहास माहीत नसलेले डॉक्टर मग औषधाची मात्रा वाढवत राहतात.

आरएसव्हीबद्दल: आता दोन मार्ग आहेत, देशानुसार उपलब्धता वेगळी. आईला गरोदरपणाच्या शेवटी लस (बऱ्याच ठिकाणी ३२ ते ३६ आठवडे, काही ठिकाणी २८ पासून), किंवा बाळाला निर्सेविमॅब हे प्रतिपिंडाचं एकच इंजेक्शन: ५ किलोखाली ५० मिलिग्रॅम, त्यावर १०० मिलिग्रॅम. संरक्षण निदान पाच महिने टिकतं. आईने लस घेऊन १४ दिवस व्हायच्या आत प्रसूती झाली तर प्रतिपिंडं पुरेशी पोचलेली नसतात, मग बाळाला इंजेक्शन लागतं.

---

फुंकर

घरघरीवर मी लिहितो.

"मोठं झाल्यावर जाते" हे वाक्य अर्धं खरं आहे. टूसॉनच्या त्याच गटात सहा वर्षांपर्यंतचं चित्र असं होतं: साधारण निम्म्या मुलांना घरघर कधीच झाली नाही, २० टक्क्यांना तीन वर्षांच्या आत झाली आणि थांबली, १४ टक्क्यांना लवकर सुरू होऊन चालू राहिली, १५ टक्क्यांना तीननंतर सुरू झाली. म्हणजे लवकर घरघरणाऱ्या दहापैकी सहांची थांबते. पण त्या "थांबलेल्या" मुलांचा श्वासप्रवाह पहिल्या सर्दीच्या आधीपासूनच कमी होता आणि पुढेही कमीच राहिला. आवाज गेला, नळी बारीकच राहिली. तेव्हा वर्गात असं म्हणा: बहुतेकांचा त्रास थांबतो, पण ज्याला वारंवार झाला त्याने धुरापासून आयुष्यभर इतरांपेक्षा जास्त लांब राहायचं.

यातलाच दुसरा गैरसमज: श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड लवकर सुरू केलं तर दमा होणारच नाही. दोन-तीन वर्षांच्या धोक्यातल्या मुलांना ते दोन वर्षं देऊन पाहिलं. औषध चालू असेतो त्रास कमी, बंद केल्यावर पुढच्या वर्षी दोन्ही गट सारखे. ही औषधं त्रास आवरतात आणि त्यासाठी ती फार मोलाची आहेत; फुफ्फुस वाढवत नाहीत. उंचीवर परिणाम होतो का, हे विचारतील. दीर्घकाळ घेतल्यास प्रौढपणी साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडतो. अनावर दम्याच्या तुलनेत तो मान्य करण्याजोगा आहे, म्हणून परस्पर बंद करू नये.

औषध योग्य असूनही उपयोग होत नाही, तेव्हा दोष बहुधा स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) वापरण्यात असतो. इनहेलर जोरात हलवा. नवा किंवा बरेच दिवस न वापरलेला असेल तर आधी काही फवारे हवेत सोडा (किती ते वेष्टनावर दिलेलं असतं). बाळ मांडीवर बसतं, आडवं नको. मुखवटा नाक-तोंडावर घट्ट बसवा. एक फवारा, मग पाच-सहा सावकाश श्वास आणि झडप हलताना दिसली पाहिजे. पुढचा फवारा पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम मारले तर थेंब एकमेकांना चिकटतात आणि भिंतीवर बसतात. रडत्या बाळात औषध खोल जात नाही, घशातच राहतं, म्हणून मुखवट्याशी आधी खेळू द्या. मुखवट्यात बोटभर फट राहिली तरी बहुतांश औषध वाया जातं. स्पेसर प्लॅस्टिकचा असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवा, कापडाने न पुसता निथळू द्या. पुसल्याने स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. स्टेरॉइडनंतर तोंड धुवा, मुखवटा वापरत असाल तर चेहराही पुसा.

श्वास मोजणं सगळ्यांना शिकवाच. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना, पोट उघडं ठेवून, पूर्ण एक मिनिट. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, तान्ह्याचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, २ ते ११ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे वेगवान. त्याच्या जोडीला छातीचा खालचा भाग आत ओढला जाणं, कण्हणं, दूध ओढता न येणं, ओठ निळसर दिसणं यातलं काहीही असेल तर घरी थांबायचं नाही.

आणि एक चिन्ह जे सगळीकडे निसटतं: ओला खोकला, रोज, चार आठवड्यांहून जास्त. त्याला ऋतूचा खोकला म्हणून खोकल्याची सिरपं देत बसतात. अनेकदा तो नळ्यांत ठाण मांडलेला जिवाणूंचा संसर्ग असतो आणि योग्य प्रतिजैविकाच्या दोन आठवड्यांच्या कोर्सने जातो. महिनोन्‌महिने तसाच राहिला तर नळ्यांच्या भिंती सैल होऊन कायमच्या फुगतात. याउलट साध्या विषाणूच्या सर्दी-घरघरीला प्रतिजैविक लागत नाही. म्हणजे जिथे नको तिथे दिलं जातं आणि जिथे हवं तिथे राहून जातं.

खेळता खेळता अचानक ठसका लागून एकाच बाजूला घरघर सुरू झाली, तर काही अडकलं असं समजून त्याच दिवशी दाखवा, जरी नंतर मूल शांत झालं तरी. चार-पाच वर्षांखाली अख्खे दाणे, सुकामेवा, फुटाणे नकोत.

---

पालकवर्ग

मनापासून आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका उरल्या. आहाराचं कोणी लिहिलं नाही. आणि वर्गात काहींची मोठी मुलं सहा-सात वर्षांची आहेत. त्यांना "वेळ गेली" असं वाटू नये. त्यांच्यासाठी काय?

---

वायुकोश

आहाराचा भाग लहान आहे, पण आहे. सहा महिने फक्त आईचं दूध: छातीचे संसर्ग कमी होतात, हे नक्की. नेपाळमध्ये जिथे अ जीवनसत्त्वाची कमतरता होती, तिथे गरोदरपणाच्या आधीपासून आणि गरोदरपणात आईला ते पूरक मिळालं होतं, आणि त्यांच्या ९ ते १३ वर्षांच्या मुलांचं एफईव्ही-१ सरासरी ४६ मिलिलिटरने जास्त भरलं. जिथे कमतरता नाही तिथे हा फायदा गृहीत धरू नका. जास्त मात्रेतलं अ जीवनसत्त्व गर्भाला अपाय करतं, म्हणून स्वतःहून गोळ्या नाहीत. डेन्मार्कमध्ये २४ व्या आठवड्यापासून रोज २.४ ग्रॅम माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं दिली, तेव्हा मुलांतली दीर्घ घरघर किंवा दमा २३.७ वरून १६.९ टक्क्यांवर आला. मुख्य फायदा ज्यांच्या रक्तात ती मुळात कमी होती त्यांना.

बाळ पहिल्या वर्षात भराभर गुबगुबीत झालं की सगळ्यांना आनंद होतो. पण फार वेगाने वजन वाढलं तर फुफ्फुसाचं आकारमान वाढतं आणि नळ्यांची रुंदी मागे राहते. प्रत्येक दूध मागण्याला वरची बाटली हे उत्तर नको. कमी वजनाच्या बाळाला मात्र वाढू द्यायचंच आहे, त्याच्या बाबतीत हा सल्ला लावू नका.

---

आकडेमोड

सहा-सात वर्षांच्या मुलांबद्दल: शिखर अजून १५ वर्षं दूर आहे. वर कॅलिफोर्नियाचा जो आकडा आहे तो ११ ते १५ या वयातलाच, तेव्हा "वेळ गेली" हे खरं नाही.

ज्यांना गरज आहे त्यांची स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून एफईव्ही-१ मोजण्याची तपासणी) या वयात जमते. गरज कोणाला? ३२ आठवड्यांआधी जन्मलेली, महिनाभर प्राणवायू लागलेली, वारंवार घरघर किंवा न्यूमोनिया झालेली, किंवा खेळताना इतरांआधी थांबणारी मुलं. सरसकट सगळ्यांना नको. फुंकर सुरुवातीलाच जोरदार हवी आणि लहान मुलात निदान एक सेकंद टिकावी. दोन फुंकरी एकमेकींशी जुळल्या तरच निकाल धरावा. निकालात फक्त टक्के पाहू नका, झेड-स्कोअर (त्या वय-उंचीच्या सरासरीपासून माप किती दूर आहे तो आकडा) विचारा. उणे १.६४ च्या खाली गेला तर कमी. एकदा मोजून निष्कर्ष काढण्यापेक्षा दर वर्षी-दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत मोजलेले बिंदू वाढीच्या तक्त्यासारखे जोडा. मूल स्वतःच्या रेषेवर चाललं आहे की खाली सरकतंय, हे तेव्हाच कळतं.

---

फुंकर

त्यात भर: फ्लूची लस सहा महिन्यांनंतर दर वर्षी. पहिल्यांदा घेणाऱ्या लहान मुलाला चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा. न्यूमोकोकस, हिब, गोवर, डांग्या खोकला यांच्या लसी वेळापत्रकाप्रमाणे, आणि डांग्या खोकल्याची लस गरोदर आईलाही, साधारण २७ ते ३६ आठवड्यांत. व्यायामाने वायुकोश वाढतात असं सांगू नका. पण दमा आहे म्हणून खेळ बंद करणं चूक आहे. खेळता येत नसेल तर औषध किंवा ते घेण्याची पद्धत तपासायची.

आणि बाराव्या-तेराव्या वर्षी पुन्हा एकदा या मुलांशी बोला, आईबाबांशी नव्हे, थेट त्यांच्याशी. पहिली सिगारेट किंवा वाफेची नळी याच वयात समोर येते, आणि ज्याचं शिखर आधीच खुजं होणार आहे त्याला स्वतःचा आकडा माहीत असायला हवा.